अर्थिंगची चादर आणि प्लगमधलं तिसरं भोक

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. टॉवर, वायफाय आणि घरातल्या वायरिंगच्या लहरींमुळे डोकं दुखतं, झोप उडते, अंगाला मुंग्या येतात आणि काही माणसांना हे जास्तच बाधतं, असं त्यात म्हटलंय. उपाय म्हणून पलंगावर अर्थिंगची चादर, म्हणजे वीजवाहक धागे विणलेली आणि वायर जोडलेली चादर, घाला आणि तिची पिन प्लगच्या वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या भोकात खुपसा. भिंतीला फॉइल किंवा कार्बनचा रंग लावा, चांदीच्या धाग्याची मच्छरदाणी टांगा, मोबाइलला लहरी रोखणारी चिप चिकटवा. माझा धंदा वायरिंगचा. त्यामुळे "खरं का हो हे?" म्हणून लोक तो मलाच पुढे पाठवतात. एकेक मुद्दा घेऊ.

"हा आजार जगाने मान्य केलाय."

त्रास मान्य केलाय, कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००५ मध्येच सांगितलं की या लोकांची लक्षणं खरी आहेत, काहींना तर त्यामुळे रोजची कामं जमत नाहीत, पण त्यांचा लहरींशी संबंध जोडायला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. हे तपासायची पद्धत सोपी आहे. माणसाला बसवायचं, सिग्नल कधी चालू करायचा, कधी नुसतं नाटक करायचं. चालू आहे की बंद, हे त्यालाही ठाऊक नाही आणि समोर बसलेल्या तपासनिसालाही नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००६ मध्ये असे ६० त्रास होणारे आणि ६० न होणारे लोक बसवले. त्रास होणाऱ्यांचं डोकं दुखलं, पण सिग्नल खोटा असतानाही तेवढंच. २०१० पर्यंतचे असे ४६ प्रयोग आणि त्यातले १,१७५ लोक एकत्र तपासले, तरी चित्र तेच राहिलं. म्हणून यांना "नाटकं करतात" म्हणणं जितकं चूक, तितकंच त्यांना चादर विकणंही.

याच मुद्द्याखाली "अमेरिकेने या रुग्णांसाठी बिनलहरींचं गाव वसवलं" असंही लिहिलंय. वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीन बँक ते हेच. तिथला शांत पट्टा १९५८ साली आखला तो रेडिओ दुर्बिणींसाठी. त्रास होणारे लोक राहायला गेले ते फार नंतर आणि आपले आपण.

"चादरीवर झोपलात की अंगातली वीज जमिनीत जाते, मीटरवर दिसते."

मीटरवर दिसतं हे खरं. विक्रेता मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवतो, एक टोक अर्थला लावतो, दुसरं तुमच्या चिमटीत देतो. आकडा येतो एक-दोन व्होल्ट. मग तुमचा हात चादरीवर ठेवतो आणि आकडा धाडकन शून्याजवळ येतो. बघणारा गार.

आता काय झालं ते बघा. मीटर मोजतोय तुमचं अंग आणि अर्थ यांच्यातला फरक. चादरीने तुम्ही ती दोन टोकंच एकमेकांना जोडलीत. तराजूची दोन्ही पारडी दोरीने बांधायची आणि वजन सारखं झालं म्हणायचं, त्यातला हा प्रकार. भिंतीतल्या वायरीचं क्षेत्र होतं तिथेच आहे. उलट, आधी अधांतरी असलेलं अंग आता जमिनीला बांधलं गेलं, त्यामुळे वायरीकडून अंगात शिरणाऱ्या किरकोळ करंटला जमिनीत जायला वाट मिळाली. म्हणजे अंगातून वाहणारा करंट वाढला! तो मायक्रोअँपिअरमध्ये असतो, त्याने काही होत नाही. पण दावा बरोब्बर उलटा आहे. चुंबकीय क्षेत्र तर करंटमुळे तयार होतं, त्याला चादरीचं सोयरसुतक नाही. आकडाच पाडायचा असेल तर बेडरूमचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला त्या खोलीचा स्विच) खाली करा, फुकटात पडतो. पंखाही बंद पडेल, तो भाग वेगळा.

अर्थिंगने झोप सुधारल्याचा जो प्रयोग नेहमी पुढे केला जातो तो २००४ चा, १२ जणांवरचा, तुलनेला दुसरा गट नसलेला.

"अर्थिंगने नुकसान तर काही नाही ना?"

आहे, आणि मला बोलायचंय ते यावरच. आपल्या जुन्या चाळींत, वाड्यांत प्लग तीन भोकांचा दिसतो, पण तिसरी, म्हणजे जमिनीत जाणारी अर्थची वायर बऱ्याचदा ओढलेलीच नसते. काही ठिकाणी गिऱ्हाईक कुरकुर करतं म्हणून न्यूट्रलचाच (करंट परत नेणाऱ्या वायरीचाच) एक तुकडा अर्थच्या टर्मिनलला मारून देतात. फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरला तर झकास पेटतो, सगळे खूश. मग कधीतरी मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर चालू असलेल्या फ्रीज-टीव्हीतून फेज उलटा न्यूट्रलवर येतो आणि त्या मोठ्या भोकात २३० व्होल्ट उभे राहतात. तुम्ही मे महिन्यात, घामेजल्या उघड्या पाठीने, त्याच भोकाला जोडलेल्या चादरीवर झोपलेले.

चांगल्या चादरीच्या वायरीत करंट अडवणारा रेझिस्टर असतो. तो एक लाख ओहमचा असेल तर करंट २.३ मिलिअँपिअरवर अडतो. स्वस्तातल्या चादरीत तो आहे का, हे कापून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बरं, अर्थिंग खरंखुरं असलं तरी? अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, कुणी पाणी घालत नाही. इमारतीची अर्थ वायर सामाईक असते. खालच्या मजल्यावरच्या गीझरमधून करंट लीक झाला तर ते व्होल्टेज तुमच्याही पिनपर्यंत पोचू शकतं. आणि सगळं ठणठणीत असलं, तरी अर्थला जोडलेल्या माणसाचा हात फाटक्या चार्जरला लागला तर करंटला वाट तयारच असते. वायरमन कोरड्या फळीवर उभा राहून काम करतो तो हौस म्हणून नव्हे.

"फॉइल, रंग, मच्छरदाणी लहरी अडवतात."

रेडिओ लहरी अडतात, नाही कसं? धातूवरून त्या परततात. पण दार, खिडकी आणि पलंगाखालची फरशी मोकळी असते, तिथून त्या आत येतात. शिवाय मोबाइल जवळ ठेवून झोपलात तर रेंज कमी झाल्यामुळे तो जास्त ताकदीने सिग्नल फेकतो, तोही तुमच्या उशाशी. वायरिंगचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र फॉइलमधून जसंच्या तसं पार होतं.

आणि भिंतभर वाहक थर म्हणजे एक खिळा चुकला की भिंतभर फेज. ऑस्ट्रेलियात उष्णतारोधनाच्या सरकारी योजनेत माळ्यावर फॉइल ठोकताना धातूची स्टेपल चालू वायरीत घुसून कामगार मेले. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने त्या योजनेतलं फॉइल थांबवलं.

"चिप लावा."

इंग्लंडमध्ये २०२० साली ३०० पौंडांहून जास्त किमतीला विकलेली फाइव्ह-जी रोधक यूएसबी फोडून पाहिली, तर आत १२८ एमबीचा साधा पेनड्राइव्ह. नेदरलँड्समध्ये डिसेंबर २०२१ मध्ये असे गळ्यातले ताईत तपासले, तर ते स्वतःच किरणोत्सारी निघाले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये शेणाची चिप आली. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला.

"कॅन्सर होतो असं आरोग्य संघटनाच म्हणते."

२०११ मध्ये रेडिओ लहरी 'कदाचित कॅन्सरकारक' या २-ब गटात टाकल्या, एवढंच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. शिवाय तो प्रश्न कॅन्सरचा, झोपेचा नव्हे. टॉवरसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली.

तरी मनाला बरं वाटत असेल तर राउटर हॉलमध्ये ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, त्याला कुणाची ना नाही. झोप महिनोन्महिने उडालेली असेल तर डॉक्टरांकडे हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी बघून घ्या. चादर आधीच आणली असेल, तर पिन खुपसण्याआधी वायरमनला बोलावून अर्थ खरा आहे का आणि न्यूट्रलला मारलेला नाही ना, ते तपासा. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. अर्थ नसलेल्या घरातही तो काम करतो. आणि फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला आजच फोन करा.