हिरडी म्हणजे पितळेचं पातेलं नव्हे

कुस्तीच्या मातीत वाढलेल्या सांगलीकराला हळू काही करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ब्रश मुठीत आवळायचा, कोपर बाहेर काढायचं, चिंच-राखेनं पातेलं घासावं तसे दात घासायचे आणि वर विचारायचं, "हिरड्या सरकल्या कशा?" दात कसले, इथं वैरी घासले जातात! आणि सरकलेली हिरडी आपण होऊन परत येत नाही; कुठल्याही मंजनानं तिला अंकुर फुटत नाही. मागं उरतं दाताचं उघडं मूळ. त्याला वरच्या भागासारखं कडक कवच नसतं, म्हणून माठातलं पाणी प्यालं तरी कळ मस्तकात जाते.

उजव्या हातानं घासणाऱ्याचा जोर बहुधा डाव्या सुळ्यावर निघतो. आरशात तो लांब दिसायला लागला, तर सुळा वाढलेला नाही, हिरडी घटलेली आहे.

ब्रश 'सॉफ्ट'च घ्या. 'हार्ड' फरशीला. तो पेनासारखा बोटांत धरायचा, केस दात-हिरडीच्या सांध्यावर 45 अंशांत तिरके टेकवायचे, तिथल्या तिथं जरासं थरथरवायचं आणि मग दाताच्या टोकाकडं फिरवायचं. एका वेळी दोन-तीनच दात. पेस्ट वाटाण्याएवढी, जाहिरातीतली लाट ट्यूब लवकर संपावी म्हणून असते. हे सगळं 2 मिनिटं, दिवसातून दोनदा. नळाला पाणी आलेलं असताना 2 मिनिटं हळू घासणं ही खरी तपश्चर्या. तीन महिन्यांच्या आतच केस फिसकटून ब्रशचा खराटा झाला, तर तुमचा हात अजून आखाड्यातच आहे.

"रक्त येतं म्हणून तिकडं ब्रश लावतच नाही," हे दुसरं शहाणपण. दातांवर जंतूंचा चिकट थर साचून हिरडी सुजते म्हणून तर रक्त येतं! हलक्या हातानं रोज साफ केलं की बहुधा आठ-पंधरा दिवसांत थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टर गाठा, मधुमेह असेल तर आधीच. थराचं एकदा किटण झालं की ते ब्रशला दाद देत नाही, स्केलिंगच लागतं, म्हणजे डॉक्टरांकडून खरवडून घ्यावं लागतं. "स्केलिंग केलं की दात हलतात," म्हणे. अहो, ते आधीच हलत होते. किटणानं धरून ठेवले होते एवढंच.

हळदीच्या पेठेत राहून हळद-मीठ चोळू नका म्हणणं धाडसाचं आहे, पण खड्याच्या मिठानं हिरडी सोलते. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा. बरं वाटतं, थर मात्र निघत नाही. आणि मशेरी? "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणणाऱ्या मावशींशी वाद घालायची माझी छाती नाही. भाजली तरी ती तंबाखूच, आणि ती जिथं चोळतात तिथलीच हिरडी आधी मागं हटते.

राहता राहिला भडंग. त्यातल्या शेंगदाण्याचं साल दोन दातांत बसलं की फ्लॉसचा दोरा हळूच आत सरकवायचा, दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा आणि वर-खाली करायचा. खटकन ओढला तर हिरडीच कापते. पण दोरा शोधतोय कोण? बांगडीतली सेफ्टी पिन निघते, काम करते, पदराला पुसली जाते आणि पुन्हा बांगडीत जाऊन बसते.