खिशाच्या आधी वेळ जातो

ब्रिटनमध्ये किमान दोन जुनी औषधं लागू पडली नाहीत तरच आमवातावर महागडी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) इंजेक्शनं देतात, आपल्याकडे मात्र रुग्णाचा खिसा ठरवतो, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटलं, पण अर्धंच. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात खिशाच्या आधी वेळ जातो. आईची बोटं सुजली, सकाळी दोन-दोन तास मूठ वळेना, कापसाच्या वेचणीत पऱ्हाटीचं बोंड धरवेना. तरी दोन वर्षं गावातच दुखण्याच्या गोळ्या अन् स्टेरॉइडच्या सुयांवर काढली. सुई घेतली की चार दिवस बरं वाटायचं, म्हणून पुढे कोणी पाठवलंच नाही. नागपुरात निदान झालं तोवर उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती. ती आता सरळ होत नाहीत.

आईला सुरू झालेली मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवातावरची जुनी गोळी, काही महाग नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची. आई मंगळवारी, बाजाराच्या दिवशी घेते, म्हणजे विसरत नाही. (चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, हे लेखात यायलाच हवं होतं.) रक्ताच्या तपासणीला मात्र दर खेपेला तालुक्याला जावं लागतं, मजुरी बुडते ती वेगळी. पहिल्या सहा महिन्यांतच रुग्ण योग्य डॉक्टरपर्यंत कसा पोचेल, यावर कृपया लिहा.