दोन अस्वली आणि माझे टक्कल

"भाऊ, चारच रविवारांचा प्रश्न आहे," असे आमच्या पाळकसाहेबांनी मला सांगितले, त्याला येत्या नाताळात तीन वर्षे पूर्ण होतील. नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत सहावी ते आठवीच्या मुलांचा गट सांभाळणाऱ्या बाईंची बदली झाली होती, आणि उपासनेनंतर चहाच्या घोळक्यात एका हातात कप व दुसऱ्या हातात बशी असल्यामुळे मला हात जोडून नकार देता आला नाही. पहिली-दुसरीची मुले नोहाच्या तारवात रंग भरत बसतात, कॉलेजातली मुले गिटार वाजवतात. मधल्या वयाच्या मुलांना नेमके काय द्यावे हे मात्र कोणत्याच मंडळीला अजून सापडलेले नाही, म्हणून त्यांना एक स्वयंसेवक दिला जातो.

पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने टिळकांच्या एका भक्तिगीताने सुरुवात केली. गीत संपल्यावर "लोकमान्यांनी चर्चसाठी पण गाणी लिहिली का, अंकल?" असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक निराळे, त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते आपल्याच नगरात राहिले, हे समजावून सांगता सांगता तास संपला आणि मी तयार करून आणलेला येशूच्या दाखल्यांचा, म्हणजे बोधकथांचा, तक्ता गुंडाळलेलाच राहिला. तो अजूनही कपाटावर आहे.

पाठांतराची गोडी लागावी म्हणून मी बायबलमधल्या दर वचनामागे एक चॉकलेट जाहीर केले, ही माझी दुसरी चूक. स्तोत्रसंहितेतले ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे आणि त्यातली पाच-दहा तरी मुले पाठ करतील, असा माझा हिशेब होता. पुढच्या रविवारी चौदाही मुले रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाने घसा साफ करून, डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावाने योहानाच्या ११ व्या अध्यायातले ३५ वे वचन म्हटले: "येशू रडला." दोन शब्द. एका मिनिटात अख्खा पुडा रिकामा झाला, आणि रडण्याची पाळी कोणावर आली हे निराळे सांगायला नको.

या मुलांना पवित्र शास्त्र येत नाही, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार असते. ती साफ खोटी आहे. त्यांना हवे तेवढे शास्त्र चोख येते. माझे बोलणे लांबले की कोणीतरी युतुखाची आठवण काढतो, कारण बायबलमध्ये प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालल्यामुळे हा बिचारा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता. आमचा हॉल तळमजल्यावर आहे, हा युक्तिवाद आमच्या गटात ग्राह्य धरला जात नाही.

पण खरा घाव बसला तो "आज तुम्हीच धडा निवडा" असे मी म्हणालो त्या दिवशी. सातवीतल्या एका मुलाने दुसऱ्या राजे पुस्तकाचा दुसरा अध्याय काढला आणि अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवणारी मुले, त्याने दिलेला शाप, रानातून धावून आलेल्या दोन अस्वली आणि त्यांनी फाडलेली ४२ मुले हा सगळा वृत्तांत खणखणीत आवाजात वाचला. हॉलमध्ये शांतता पसरली. तीन वर्षांत मी ऐकलेली ती एकमेव शांतता, आणि त्या शांततेत अठ्ठावीस डोळे माझ्या डोक्यावर स्थिरावले होते. "अंकल," एका मुलीने काळजीने विचारले, "तुम्हाला पण अस्वली बोलावता येतात?" येत असत्या तर चॉकलेटच्या रविवारीच बोलावल्या असत्या, हे उत्तर मी गिळले.

मग नाताळची नाटिका आली. बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी, तीनच असतात, असे मी म्हणताच आठवीतल्या चिकित्सकाने मत्तयाचा दुसरा अध्याय पुढे केला: सोने, ऊद आणि गंधरस या भेटी तीन आहेत, माणसे किती होती ते लिहिलेलेच नाही. परिणामी आमच्या बेथलेहेमात सात मागी आले आणि त्यातल्या चौघांच्या हातात घरून आणलेले स्टीलचे डबे होते. भूमिका न मिळालेल्या दोघी "मग आम्ही मेंढरे होतो" म्हणून हटून बसल्या. पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातली मेंढरे दुसऱ्या मंडळीने आधीच नेली होती. उरले होते त्यातले जे केसाळ होते ते मी घेऊन आलो, आणि घाईत खोके उघडून पाहिले नाही.

नाटिकेच्या रात्री, विसरणाऱ्यांना संवाद सांगण्यासाठी मी गव्हाणीमागे वाकून बसलो होतो. दिव्याचा झोत बाळावर पडायचा तो थोडा चुकून माझ्या डोक्यावर पडला होता, हे मला नंतर कळले. डाव्या बाजूने मरिया आली, योसेफ आला आणि त्यांच्यामागून दोन तपकिरी अस्वली चार पायांवर डुलत डुलत रंगमंचावर आल्या. त्या थांबल्या. त्यांनी आधी माझ्या चकाकत्या डोक्याकडे पाहिले, मग एकमेकींकडे, आणि नंतर सावकाश वळून त्या पहिल्या रांगेत बसलेल्या पोरांकडे निघाल्या.