शंभर मिलीचा बॉयलर

परवा लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली. "काही सभासदांनी आपल्या सदनिकेत बाष्पक बसविल्याचे निदर्शनास आले आहे, सदर बाष्पक त्वरित काढून टाकावे." काही सभासद म्हणजे मी एकटा. आणि बाष्पक म्हणजे माझं एस्प्रेसो मशीन, ज्याच्या आतल्या बॉयलरमध्ये १०० मिली पाणी मावतं. कटिंगचा एक ग्लास, बास.

मशीन सेकंडहँड घेतलेलं. आत इस्त्रीत असतो तसला थर्मोस्टॅट, पट्टी तापली की वाकणार आणि करंट तोडणार, गार झाली की परत जोडणार. त्यामुळे पाण्याचं तापमान दहा-दहा डिग्री वरखाली, एक कप आंबट आणि दुसरा कडू. म्हणून पीआयडी कंट्रोलर लावायचं ठरवलं, तो दर क्षणाला तापमान बघून हीटरला थोडाथोडा करंट सोडतो आणि ९३ म्हटलं की ९३ वर धरून ठेवतो. इलेक्ट्रिकल सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन कंट्रोलर, रिले, तापमान मोजणारं थर्मोकपल, वायरीच्या टोकाची थिंबलं सगळं आणलं. दुकानदाराने विचारलं, "अंड्यांसाठी का?" म्हणजे इनक्युबेटर. मी म्हटलं कॉफीसाठी, तर त्याने बिल करता करता पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. अंडी उबवणारा माणूस त्याला जास्त शहाणा वाटला असणार.

तर रविवारी मशीनचं झाकण काढून ओट्यावर वायरी पसरलेल्या, दार उघडं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका आत आले. हे काका सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आयुष्य काढून रिटायर झालेत, फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, आता मुलाकडे पुण्यात असतात आणि त्यांना इथे तपासायला काहीही मिळत नाही.

"काय मांडलंयस रे हे?"

मी गाफीलपणे म्हणालो, "काही नाही काका, बॉयलरचं तापमान जरा..."

बॉयलर हा शब्द मी उच्चारायला नको होता. काकांनी चष्मा बदलला. (त्यांच्या खिशात दुसरा चष्मा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.) वाकून आत बघितलं आणि पहिला प्रश्न, "गेज ग्लास कुठाय?" म्हटलं नाहीये. "मग पाण्याची लेव्हल कळती कशी?" म्हटलं टाकी बाहेरून दिसते. "ती फीड वॉटरची टाकी. मी ड्रमचं विचारतोय." आता १०० मिलीच्या डबीला ड्रम म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलणार.

"प्रेशर किती?"

"नऊ बार."

"म्हणजे नऊ किलो. आमचा पंचेचाळीस किलोचा होता," हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. मग मी शहाणपणा केला. सांगितलं की कंपनीने प्रेशर जास्त ठेवलेलं असतं, खोक्यावर १५ बार छापलं की मशीन खपतं, म्हणून मी व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलून ते नऊवर आणलंय.

काका सरळ उभे राहिले. "सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग? तू बदललीस? स्वतःच्या हाताने?"

"काका, तो पंपाचा व्हॉल्व्ह आहे. आणि मी प्रेशर कमी केलंय."

"कमी कर नाहीतर जास्त कर, हात लावलास की नाही? आमच्याकडं इन्स्पेक्टर समोर उभा राहून सेट करायचा आणि सील मारायचा. त्या सीलला कुणी बोट लावलं असतं तर गेटच्या बाहेर घातला असता त्याला."

मग मी, माणूस चिडला की इतिहासात शिरतो तसा, सांगायला लागलो की इटलीत गाजिया नावाच्या माणसाने १९३८ साली पेटंट घेतलं, पुढे युद्ध संपल्यावर त्याची स्प्रिंगच्या दांड्याची मशीनं आली आणि वाफेच्या जोराऐवजी दाबाने कॉफी निघायला लागली, तेव्हा पहिल्यांदा तिच्यावर तो सोनेरी फेस आला, क्रेमा. १९६१ मध्ये फाएमा कंपनीने दांड्याऐवजी मोटरचा पंप लावला, ते नऊ बारचं... इथे काकांनी हात वर केला.

"फेस येतोय?"

"हो, तोच तर..."

"फोमिंग होतंय. पाण्यात टीडीएस वाढलाय. ब्लोडाउन घे."

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते वाढले की बॉयलरमध्ये फेस होतो, मग ब्लोडाउन, म्हणजे आतलं थोडं पाणी सोडून द्यायचं. क्रेमासाठी मी तीन महिने, पगारातले किती पैसे आणि बायकोची सहनशक्ती घालवली आणि हा माणूस तो ब्लोडाउनने काढून टाकायला निघाला. बायको दारात उभी राहून हसत होती. ती स्वतः झटपट पावडरची कॉफी पिते, दीड मिनिटात, ९३ वगैरे काही न बघता, आणि छान लागते तिला, हाच तर त्रास आहे.

एवढ्यावर थांबते तर काका कसले. संध्याकाळी नारळ घेऊन आले. कारखान्यात गळीत हंगामाच्या आधी बॉयलर अग्निप्रदीपन होतं, चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, त्याशिवाय आग लावत नाहीत. "सपत्नीक बस," म्हणाले. बसलो. मशीनला हळदकुंकू लावलं, ते जाळीतून खालच्या ट्रेमध्ये गेलं आणि अजून थोडं तिथेच आहे. स्विच दाबला, आकडे चढत चढत ९३ वर येऊन थांबले, काकांनी टाळी वाजवली, खरं सांगतो, मलाही भरून आलं. १८ ग्रॅम पूड, २८ सेकंद, ३६ ग्रॅम कॉफी. काकांनी कप हातात घेतला.

"एवढीच?"

मग दोन चमचे साखर. "ऊसवाल्याच्या पोटावर पाय देऊ नको."

आता नोटिशीचं. काकांनी तक्रार केलेली नाही, त्यांनी खाली बागेत कौतुकाने सांगितलं की आपल्या बिल्डिंगीत बॉयलर आलाय आणि मी तो पास केलाय. तिथे सेक्रेटरी बसलेले. आता, कायद्याने २५ लिटरच्या वरचं भांडं असेल तरच ते बॉयलर, माझ्या डबीच्या अडीचशे पट, हे मी लेखी दिलंय. उत्तर नाही. वरच्या फ्लॅटमधून माझ्या बाथरूमच्या छतात दोन पावसाळे पाणी झिरपतंय, त्याचे चार अर्ज कमिटीच्या फायलीत आहेत, त्यावर "बघतो" यापलीकडे शब्द नाही, पार्किंगमध्ये कुणाचा तरी मोडका सोफा वर्षभर पडलाय त्याला नोटीस नाही, आणि कटिंगभर पाणी गरम केलं तर चोवीस तासात टाइप केलेला कागद, शिक्क्यासकट. बाथरूममधल्या गळतीलाच बाष्पक म्हणून बघावं का आता?

काकांनी सोमवारी आमच्या फ्रिजवर लॉगशीट लावलं, पट्टीने आखून. वेळ, तापमान, प्रेशर, सही. आज सकाळी पावणेसातला बेल वाजली. दारात काका, हातात स्वतःचा कप आणि साखरेची पुडी. कॉफी करून दिली, तर प्यायच्या आधी फ्रिजकडे गेले आणि माझ्यावर ओरडले. कालच्या रात्रीच्या रीडिंगला सही नव्हती.