हाताची आठवण स्नायूंत नसते

अर्धांगवायू झालेल्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: स्नायूंना स्वतःची स्मृती असते, तबलजीची बोटं मेंदूला न विचारता चालतात, जन्मभर केलेलं काम हातात साठून राहतं. म्हणून लुळ्या हाताला रोज तेल चोळत राहा, जुनी आठवण जागी होईल. हा मेसेज दाखवून ‘मग व्यायाम कशाला?’ असं विचारणारे लोक मला भेटतात. मी हातांच्या पुनर्वसनाचं काम करते, त्यामुळे यातला एकेक दावा तपासून सांगणं मला आवश्यक वाटतं.

‘कौशल्य स्नायूंत साठतं.’ इंग्लंडमधल्या इयन वॉटरमनचं उदाहरण घ्या. 1971 साली, 19व्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालचा स्पर्श आणि हातपाय कुठे आहेत याची जाणीव त्याने गमावली. स्नायू धडधाकट होते, त्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसाही शाबूत होत्या. तरी त्याला उभं राहता येईना, हात भलतीकडेच जाई. इतक्या वर्षांची सवय स्नायूंत मुरलेली असती, तर ती त्याच्या कामी का आली नाही? पुढे हातापायांवर सतत नजर ठेवून तो हालचाली नव्याने शिकला, पण दिवे गेले की कोसळायचा.

घरी करून पाहण्याजोगी गोष्टही आहे. कागदावर सही करा, मग खडूने फळ्यावर मोठी सही करा. कागदावर बोटं आणि मनगट राबतात, फळ्यावर खांदा आणि कोपर. स्नायू बदलले तरी अक्षराचं वळण तुमचंच राहतं.

स्नायूंत काहीच उरत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑस्लोच्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांत दाखवलं, की व्यायामाने स्नायूपेशींत वाढलेली केंद्रकं स्नायू रोडावल्यावरही टिकतात. पण त्याचा संबंध स्नायूच्या आकाराशी आहे. तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची बांधीव रचना, त्या केंद्रकांत नसते.

‘बोटं मेंदूला न विचारता चालतात.’ लक्ष न देता चालतात, हे खरं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा 1953 मध्ये शस्त्रक्रियेत काढला गेला, आणि नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय हे त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे हाताची शिकवण मेंदूच्याच दुसऱ्या भागांत उतरत होती. लहान मेंदूचा त्यात मोठा वाटा असतो. तापलेल्या तव्यावरून हात झटक्यात मागे येतो ते मज्जारज्जूचं काम, पण ती जन्मजात प्रतिक्रिया आहे, शिकलेली कला नाही.

आता मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही, त्या स्पर्शाबद्दल. माझ्या मते खरी स्मृती इथे आहे. तळहात आणि बोटं मिळून स्पर्श टिपणारी नसांची सुमारे 17,000 टोकं असतात. स्वीडनमधल्या उमेओ इथे रोलांड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये मोजून दाखवलं, की वस्तू जितकी निसरडी तितकी चिमूट घट्ट होते, आणि जोर निसटण्यापुरत्या जोराहून थोडासाच जास्त असतो. वस्तू जराशी घसरली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकड वाढते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेंदू हा अनुभव पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतो. गॅसची टाकी भरलेली समजून उचलावी आणि ती रिकामी निघावी, की हात झपकन वर जातो. जोर टाकीला हात लावण्याआधीच ठरलेला होता, मागच्या अनुभवावरून. पुढच्या खेपेला तो बेताचा लागतो. एका हाताने उचलून घेतलेला वजनाचा अंदाज दुसऱ्या हातालाही उपयोगी पडतो. ही आठवण उजव्या दंडाच्या स्नायूंत असती, तर डाव्या हाताला कशी कळली असती? बोटांची टोकं बधिर केली, की स्नायू शाबूत असूनही काडेपेटीतली काडी ओढून पेटवणं जड जातं.

2021 मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या एका माणसाच्या मेंदूतल्या स्पर्शाच्या भागाला थेट विजेचे सूक्ष्म संकेत दिले. तो मनाने यांत्रिक हात चालवत होता. स्पर्श कळू लागल्यावर वस्तू उचलून ठेवायला लागणारा वेळ साधारण निम्म्यावर आला. त्या हातात एकही स्नायू नव्हता.

‘तेल चोळलं की हात परत येतो.’ मालिशने बरं वाटतं, आखडलेपणा सैल होऊ शकतो. जरूर करा. पण अर्धांगवायूत इजा मेंदूत झालेली असते, आणि तिथले उरलेले मार्ग कामाला लागतात ते हाताने प्रत्यक्ष काम केल्यावर. अमेरिकेत 222 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चांगला हात दिवसभर मोज्यात ठेवून दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून सराव करून घेतला. फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. त्या सर्वांच्या मनगटात, बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक होती, हे विसरू नका. ज्यांच्यात ती नाही, त्यांचा मार्ग वेगळा असतो.

तेव्हा मालिश झाली की थांबू नका. थेरपिस्टला विचारून त्याच हातात पेला द्या, घासणी द्या, डाळीच्या वाटीत बोटं बुडवू द्या, पेला डोळे मिटून ओळखायला सांगा. पेला निसटला तरी पुन्हा द्या, आणि तो उचलून त्यांच्या तोंडाशी नेण्याची घाई आपण करू नका.