स्टिकर खरवडून कोण अडलं?

मामांनी भाजीच्या सुरीने प्रिंटरच्या मागचं स्टिकर खरवडून काढलं. कारण घरच्या ग्रुपवर फिरणारं फॉरवर्ड: ‘सावधान! सीरियल नंबर म्हणजे हॅकरच्या हातातली किल्ली. स्टिकर आजच खरवडा. मॉडेल नंबर समोर लिहिलेला असतोच. तुमच्या प्रत्येक छापील कागदावर हा नंबर गुपचूप उमटतो. अडचण आल्यास खालच्या कस्टमर केअरला फोन करा.’ पुढच्याच महिन्यात प्रिंटर कागद ओढेना. वॉरंटी होती. सर्व्हिस सेंटरचा पहिला प्रश्न: ‘सीरियल नंबर?’

आता ही ‘किल्ली’ बघू. अर्धं खरं आहे, हे कबूल करायला जिवावर येतं. जून २०२५ मध्ये रॅपिड सेव्हन या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं, की ब्रदर या प्रिंटर कंपनीच्या शेकडो मॉडेलांमध्ये कारखान्यातून येणारा अ‍ॅडमिन पासवर्ड (प्रिंटरची सेटिंग बदलायचा) सीरियल नंबरवरूनच बनवलेला असतो. नंबर कळला की पासवर्ड काढता येतो, आणि विकल्या गेलेल्या प्रिंटरांत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, बदलूनही हा दोष पुरता जात नाही. पण त्याच अहवालात पुढे आहे ते फॉरवर्डवाल्याने वाचलेलं दिसत नाही: हल्लेखोर हा नंबर नेटवर्कवरून प्रिंटरलाच विचारून घेऊ शकतो. तुमच्या घरात शिरून, प्रिंटर वळवून, चष्मा लावून स्टिकर वाचत बसायला त्याला कोणी सांगितलंय? उपाय एकच, तो अ‍ॅडमिन पासवर्ड बदलायचा. दोन मिनिटांचं काम, सुरी लागत नाही.

नंबर यंत्राच्या आत असतो याचा पुरावा मामांच्याच घरी मिळाला. वायफाय राउटरच्या यादीतून प्रिंटरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) घेतला, ब्राउझरमध्ये टाकला, आणि माहितीच्या पानावर सीरियल नंबर हजर! तरी वॉरंटी गेलीच. स्टिकर खरवडलेलं असलं की वॉरंटी नाही, ही अट कार्डावर छापलेली होती.

समोरचं नाव म्हणजे मॉडेल, हेही धड नाही. समोर बहुधा मालिकेचं नाव असतं. नेमकं मॉडेल स्टिकरवर. एचपीच्या स्टिकरवर तर ‘रेग्युलेटरी मॉडेल नंबर’ असा आणखी एक असतो. तो सरकारी मान्यतेसाठी. तो सांगून काट्रिज मागाल तर दुकानदार तोंडाकडे बघेल. स्टिकर मागे किंवा तळाला, काही इंकजेटांत काट्रिजचं झाकण उघडल्यावर आत. इंकटँक असेल तर तळ बघायला उलटा करू नका, शाई सांडते. मागच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बस.

गुप्त नंबर? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्स डॉक्युकलर प्रिंटर कागदावर उमटवतो ते नजरेला सहज न दिसणारे पिवळे ठिपके उलगडून दाखवले: तारीख, वेळ, सीरियल नंबर. खरं आहे. पण ती गोष्ट रंगीत लेझरची. काळ्या-पांढऱ्या लेझरमध्ये पिवळा टोनरच (रंगाची पूड) नाही, ठिपके येणार कुठून? आणि रंगीत लेझरवरही ठिपके यंत्र उमटवतं, स्टिकर नव्हे.

राहिला तो ‘कस्टमर केअर’. फॉरवर्डमधल्या नंबरवर फोन करूच नका. कंपनीचा नंबर तिच्या वेबसाइटवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. ओटीपी मागितला किंवा मोबाइलवर अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा.

कागद ओढणाऱ्या रोलरचे पैसे मामांच्या खिशातून गेले. फॉरवर्ड मात्र त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, ते अजून तिथेच आहे.