एक एचपीतून दहा किलोवॅट निघत नाहीत

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडच्या वाडीवाडीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आणि त्याखालचा मजकूर हमखास फिरायला लागतो. एक एचपीची मोटार, पट्ट्याने तिला जोडलेलं शंभर किलोचं लोखंडी चाक, आणि चाकावरून पुढे अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज देणारं यंत्र. मोटार आधी घरच्या लाईटवर फिरवायची, चाकाने वेग घेतला की तिची पिन काढून अल्टरनेटरच्याच सॉकेटमध्ये खोचायची. मग म्हणे यंत्र आपल्याच विजेवर चालत राहतं आणि वर दहा किलोवॅट घराला, पंपाला उरतात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. ते दिवस काढलेल्या माणसाला असा व्हिडिओ खरा वाटावासा वाटणार, यात त्याचं काही चुकत नाही. पण पैसे जातात आणि जीवही जाऊ शकतो, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

‘जड चाकामुळे ताकद वाढते.’ चाक ऊर्जा साठवतं, वाढवत नाही. शंभर किलोची सलग तबकडी, व्यास ६० सेंटीमीटर, मिनिटाला १,५०० फेरे. तिच्यात साधारण ५५ हजार ज्यूल ऊर्जा मावते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एवढं धूड गरगर फिरवून हाती आला युनिटाचा पासष्टावा भाग, आणि तोही घरच्याच मीटरमधून गेलेला. हजार वॅटची इस्त्री लावा. सगळीच्या सगळी ऊर्जा तिला मिळाली असं धरलं तरी ५५ सेकंदांत खेळ आटोपतो, आणि व्होल्टेज त्याच्या कितीतरी आधी पडतं. व्हिडिओत इस्त्री कधीच नसते, नऊ-नऊ वॅटचे बल्ब असतात, ते याचसाठी. कुणी यंत्र विकायला आला तर त्याला एवढंच सांगा: लाकडी टेबलावर ठेव, जमिनीकडे एकही वायर जाऊ देऊ नको आणि इस्त्री तासभर चालवून दाखव.

‘लहान पुली लावली की वेग चौपट, म्हणून वीज चौपट.’ वेग चौपट झाला की फिरवण्याचा जोर चौथाई होतो. पॉवर म्हणजे या दोहोंचा गुणाकार, तो तिथल्या तिथेच राहतो. शिवाय अल्टरनेटरवर जेवढा लोड टाकाल तेवढा तो फिरायला जड होतो. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पेडल कसं जड व्हायचं, तसंच.

आता खर्चाची बाजू. सिंगल फेजची एक एचपीची मोटार पूर्ण लोडवर साधारण हजार-अकराशे वॅट ओढते आणि शाफ्टवर ७४६ वॅट देते. पट्ट्यात थोडे जातात, छोट्या अल्टरनेटरमध्ये पाचवा हिस्सा जातो. शेवटी उरतात साडेपाचशेच्या आसपास. मोटारीला स्वतःलाच हजार हवेत, मग घराला कुठून देणार? मधे कपॅसिटर लावून हा फरक भरून निघतो असंही त्यात म्हटलंय. कपॅसिटर घेतलेली ऊर्जा क्षणात परत करतो, पदरची काही घालत नाही.

मग गेलेले वॅट कुठे गेले? अर्धा तास लोडवर चाललेल्या मोटारीच्या बॉडीला हात लावून पाहा, चटका बसून हात मागे येतो. ती गेलेली वीजच आहे. ‘ही उष्णता पकडून परत वीज करा’ असा सल्लाही मजकुरात आहे. बॉडी ६० अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल, तर निसर्गनियमाने बांधलेली कमाल मर्यादा आहे ९ टक्के. आदर्श यंत्र असलं तरी शंभरातले नऊच परत मिळणार. खरं यंत्र तेवढंही देत नाही.

सगळ्यात फसवा दावा पाण्याचा. ‘विहिरीचं पाणी टाकीत चढवा, तिथून टर्बाइनवर सोडा, त्या विजेवर पंप चालवा, घाटघरला सरकार हेच करतं.’ हजार लिटर पाणी दहा मीटर चढवायला किमान ९८ हजार ज्यूल लागतात, आणि खाली येताना ते जास्तीत जास्त तेवढेच देतं. पाईपला बारीक नोझल लावलं तर धार जोरात येते, पण पाण्यातली ऊर्जा वाढत नाही. घरगुती पंप ओढलेल्या विजेतली निम्मीसुद्धा पाण्यात उतरवत नाही, छोटं टर्बाइन आणखी खातं. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प खरा आहे, पण तो पाणी वर चढवायला जेवढी वीज घेतो त्याहून कमी परत देतो. मागणी कमी असताना घ्यायची आणि जास्त असताना द्यायची, हे त्याचं काम. उलट कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या वीजघरात उतरून, वीज देऊन वाशिष्ठी नदीला मिळतं, ते कुणी पंपाने वर नेलेलं नाही. उन्हाने समुद्राची वाफ केली, मोसमी वाऱ्याने ती घाटमाथ्यावर नेली. तिथे खर्च सूर्याचा आहे.

ज्यांच्या बागेच्या कडेने बारमाही वहाळ जातो त्यांना विजेशिवाय पाणी चढवायचंच असेल तर हायड्रॅम आहे, म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्याच जोरावर त्यातलं थोडं वर ढकलणारा पंप. शंभर लिटर पाणी दोन मीटर पडू दिलं तर त्यातलं बारा-एक लिटर दहा मीटर वर जातं, बाकीचं वाहून जातं. सुपारीच्या बागेला दिवसरात्र एवढी बारीक धारही उपयोगी पडते.

‘भास्कराचार्यांनी असं चाक सांगून ठेवलंय.’ ११५० च्या सुमारास त्यांनी पारा भरलेल्या आऱ्यांचं आपोआप फिरणारं चाक वर्णिलं, हे खरं. पण पारा सरकून समतोल साधतो आणि चाक थांबतं.

शेवटी ती वायर, दोन्ही टोकांना पिना असलेली. ‘हिने वीज घरच्या सॉकेटमध्ये उलटी सोडा’ असं व्हिडिओ शिकवतो. हे यंत्र चाललं नाही की लोक तीच वायर भाड्याच्या जनरेटरला लावतात. एक पिन सॉकेटमध्ये असताना दुसरी उघडी आणि जिवंत असते. मेन स्विच बंद करायला विसरलं तर वीज खांबावरून ट्रान्सफॉर्मरकडे उलटी जाते आणि पलीकडच्या बाजूला २३० चे ११,००० व्होल्ट होतात. त्या वेळी वादळात तुटलेली तार जोडायला वायरमन खांबावर चढलेला असू शकतो, लाईन बंद आहे या भरवशावर. ही वायर घरात असेल तर आजच तोडून टाका, आणि जनरेटर वापरायचाच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या.